नाव घे, नाव घे

चीनमधल्या कंपनीत रुजू होताना माझ्यापुढे जो फॉर्म आला, त्यात नावासाठी तीन रकाने होते. पासपोर्टवरचं नाव, इंग्रजी नाव आणि चिनी नाव. पहिल्यात मी ‘मृण्मयी वसंत कोल्हटकर’ असं सगळं खानदान लिहिलं आणि बाकीचे दोन रिकामे सोडून कागद परत केला. एचआरमधली मुलगी स्वतःला विनी म्हणवायची. तिने कागद वरखाली पाहिला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. भारतातली बाई, इंग्रजी फर्डं बोलते, मग इंग्रजी नाव नाही म्हणजे काय? तिथे सगळ्यांना असतं. शाळेत इंग्रजीच्या बाई पहिल्याच तासाला नावं वाटतात, आणि मोठेपणी ऑफिसात त्यातून अॅपल, केविन, सनी असा कारभार चालतो.

‘मग परदेशी लोक तुला काय म्हणतात?’ तिने विचारलं.

‘मृण्मयी.’

‘जमतं त्यांना?’

जमत नाही, हे खरं. दिल्लीत मी मृनमई असते, बंगळूरला मिनमयी, आणि आमच्या जर्मन साहेबांच्या तोंडी काय असते ते लिहिण्याची सोय देवनागरीत नाही. विनीने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, ‘मग चिनी तरी घे.’

‘नाव घे’ हे शब्द मराठी बाई आयुष्यात एकदाच पण भरपूर ऐकते. मी ते ऐकले तेव्हा कार्यालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक मावश्या-आत्या भोवती होत्या, आणि मी उखाणा घेतलाही, यमक जुळवून. पण नाव बदलायचं नाही हे मात्र आधीच सांगून ठेवलं होतं. तरी तांदळाचं ताट पुढे आलंच. गुरुजींना मधला मार्ग सुचला: आहे तेच नाव नवऱ्याने पुन्हा लिहायचं. त्याने अंगठीने तांदळात ‘मृ’ काढला, मग ‘ण्म’ काढायला गेला आणि अर्ध्या ‘ण’च्या दांड्यात दाणे सारखे घरंगळायला लागले. तीनदा पुसून झाल्यावर गुरुजी म्हणाले, ‘राहू द्या, नुसतं मयी लिहा, मुहूर्त चाललाय.’ माझी आजी माहेरची कृष्णा आणि सासरची सुशीला. तिला ‘कृष्णे’ म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं तेव्हा ती काय म्हणाली होती ते मी ऐकलेलं आहे, म्हणून या बाबतीत मी हट्टी.

तर अशी मी, आणि समोर चिनी नावाचा रिकामा रकाना. राग यायला हवा होता. आला नाही, उलट उत्सुकताच वाटली. असं का झालं हे कळायला मला बराच वेळ लागला, आणि मधल्या काळात नाव नसल्याचे हाल भोगून झाले.

हाल म्हणजे असे. चिनी माणसाचं नाव दोन किंवा तीन अक्षरांचं. आडनाव आधी, बहुधा एका अक्षराचं, आणि पुढे एका-दोन अक्षरांत स्वतःचं नाव. क्वचित सगळं मिळून चार. एका अक्षराचा उच्चार एका झटक्याचा, आणि तो संपणार बहुधा स्वरावर किंवा अनुनासिकावर. जोडाक्षर नाहीच. त्यामुळे बातम्यांत परदेशी नाव आलं की त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एक अक्षर लावतात. त्या पद्धतीने नुसत्या ‘कोल्हटकर’ची सहा अक्षरं होतात: खऽ-अर-हा-थऽ-खा-अर. हॉस्पिटलात नंबर लागला की भिंतीवरच्या पडद्यावर नावं झळकतात. माझं नाव रोमन लिपीत, बापाच्या नावासकट, तिथे मावायचंच नाही, आणि ध्वनिवर्धकातली यांत्रिक बाई ‘एम, आर, यू’ अशी एकेक मुळाक्षरं वाचायला लागायची. बँकेतला कारकून मला ‘वसांत’ म्हणून हाक मारायचा. वडिलांना सांगितलं तर ते खूश झाले.

एक मात्र आहे. चिनी उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस जन्मतःच थोडा पुढे असतो, आणि हे कुणी आपल्याला सांगत नाही. रोमन स्पेलिंगमध्ये बी आणि पी दिसतात, पण ऐकू येतात प आणि फ. डी आणि टी म्हणजे त आणि थ. जी आणि के म्हणजे क आणि ख. इंग्रजी बोलणाऱ्यांना यातला भेद शिकायला महिने लागतात, आपण तो बाराखडीबरोबरच गिळलेला असतो. शिवाय झेडचा उच्चार थेट आपल्या ‘चमचा’तला च. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमुळे आपण ज्यांना दू फू म्हणतो ते थोर कवी खरं तर तू फू. होय, ‘तू’ हे तिथलं आडनाव आहे. (सगळ्यांनाच असं सुधारत बसले तर वाचणाऱ्याची दमछाक होईल, तेव्हा ओळखीच्या नावांना मी ओळखीचंच रूप ठेवते.)

नाव घ्यायचं ठरलं तर पहिला प्रश्न आडनावाचा. तिथे आडनावं मोजकी. सोंग राजवटीत मुलांना घोकायला आडनावांचा एक पाठ तयार झाला, त्यात पाचशेच्या आसपास आडनावं आहेत, आणि पहिलं झाओ, कारण गादीवर झाओ घराणं होतं. आज वांग आणि ली ही दोन आडनावं लावणारे प्रत्येकी दहा कोटींच्या घरात आहेत. महाराष्ट्रात गावागणिक ‘कर’ लावून आपण जो पसारा मांडलाय तो तिथे कुणाला समजावून सांगताना माझी त्रेधा उडते.

परदेशी माणसाला आडनाव कुठलं द्यायचं, याची एक फार जुनी रीत चीनमध्ये होती. माणूस ज्या देशातून आला त्या देशाच्या नावातलं एक अक्षर. दुसऱ्या शतकात पार्थियाहून, म्हणजे इराणकडून, आलेला बौद्ध पंडित आन शिगाओ, कारण पार्थियाचं तिथलं नाव आनने सुरू व्हायचं. कुशाणांच्या मुलखातला भिक्षू लोकक्षेम झाला झी. समरकंदकडचे सोग्दी ते कांग. आणि भारतातून आलेले भिक्षू झू, कारण भारताला तेव्हा तियानझू म्हणत. चिनी शिष्यही गुरूचं आडनाव उचलायचे, त्यामुळे कधीही सिंधू न पाहिलेले चिनी झू होऊन बसले. चौथ्या शतकात दाओ-आन नावाच्या आचार्यांनी हा गोंधळ निकालात काढला. ते म्हणाले, भिक्षूचं घराणं एकच, शाक्यमुनींचं. तेव्हापासून चिनी भिक्षू ‘शाक्य’मधलं पहिलं अक्षर, शी, हेच आडनाव लावतात, आजतागायत.

ही जुनी रीत एकदा फार सुंदर रीतीने वर आली. 1924 साली रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले होते. 8 मे रोजी पेकिंगमध्ये त्यांचा वाढदिवस साजरा झाला आणि विद्वान लियांग छीछाओंनी त्यांना नाव दिलं: झू झेनदान. झू म्हणजे भारत, त्या जुन्या भिक्षूंचं आडनाव. झेनदान हे चीनचंच एक प्राचीन नाव, आपल्या ‘चीनस्थान’वरून गेलेलं. पण त्यातली अक्षरं सुटी वाचली तर मेघगर्जना आणि पहाट. रवी आणि इंद्र, दोघंही आले. एका नावात इतकं बसवायला माणूस लियांग छीछाओच लागतो. आपण त्या भानगडीत पडू नये.

पुढे आलेल्या युरोपियनांनी दुसरी वाट धरली: आपल्याच आडनावातला एखादा आवाज पकडायचा आणि त्याच्याशी जुळणारं खरंखुरं चिनी आडनाव शोधायचं. इटालियन पाद्री मातेओ रिच्ची झाले ली मादोऊ. चीनचे अमेरिकन इतिहासकार फेअरबँक झाले फेई झंगछिंग, आणि हे नाव त्यांना दिलं वास्तुतज्ज्ञ लियांग सचंग यांनी, म्हणजे लियांग छीछाओंच्याच मुलाने. त्या घराण्याचा हात या कामात चांगला बसलेला होता. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केव्हिन रड यांना चीनमध्ये सगळे लू कवन म्हणून ओळखतात. आणि सगळ्यात गाजलेलं नाव कॅनडाच्या मार्क रॉसवेलचं. 1988 साली त्याने टीव्हीवरच्या एका प्रहसनात दाशान नावाच्या गावरान माणसाचं काम केलं, आणि ते पात्राचं नाव त्याला जन्मभर चिकटलं. दाशान म्हणजे मोठा डोंगर. यात त्याने काही निवडलं नाही. लोकांनी हाक मारली, त्याने ओ दिली.

हा खेळ मराठी आडनावांवर लावून बघायचा मला नाद लागला. मेहेंदळे? ‘मेई’, म्हणजे तिकडच्या हिवाळी फुलाचं आडनाव, फार देखणं. सोमण झाले तर ‘सोंग’, मघाच्या राजवटीच्या नावाचं. माने ‘मा’, म्हणजे घोडा, मुसलमान घराण्यांतही चालतं. लेले ‘लेई’, मेघगर्जना. देशपांड्यांना मधला ‘पान’ घेता येतो. तो पुरुषांना शोभतो, कारण पान आन हा चीनमधला म्हणीतला देखणा पुरुष. बाईने घेतला की पान जिनलियनची आठवण निघते, ती नवऱ्याला विष घालणारी. लिमयांचं ‘ली’ इतकं सोपं की त्यात मजाच नाही.

कोल्हटकरांच्या वाट्याला काय येईल हे मात्र मला आधीपासून माहीत होतं, आणि तेही सोलापुरामुळे.

1938 साली मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाठवलेलं ते वैद्यकीय पथक. अटल, बसू, मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. तिथे पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि पाचही नावांच्या शेवटी एकच अक्षर होतं: ह्वा, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं खऽ तीह्वा. आपल्या वर्तमानपत्रांत ते ‘के दिहुआ’ छापून येतं. पहिलं अक्षर ‘खऽ’ हे अस्सल चिनी आडनाव, कोटणीसांच्या ‘को’साठी. तेच कोल्हटकरांच्याही ‘को’ला लागू.

मला चिनी शिकवायला येणाऱ्या बाईंना मी शू लाओशी म्हणायचे. लाओशी म्हणजे गुरुजी, बाई, सर, सगळं काही. निवृत्त शिक्षिका, सूझोऊ शहराच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या, आणि येताना स्वतःच्या चहाची बाटली घेऊन येणाऱ्या. मी ‘खऽ’ म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, ‘खऽ तीह्वाचा खऽ! तू त्याच गावची का?’ मी म्हटलं, सोलापूर आमच्या पुण्याहून चारेक तासांवर. त्यांच्या लेखी चार तास म्हणजे शेजारच. मग त्यांनी वहीत ‘ती’ हे अक्षर काढून दाखवलं. एका फुलझाडाचं नाव. चीनच्या सगळ्यात प्राचीन काव्यसंग्रहात या झाडाच्या बहराने सुरू होणारी एक कविता आहे आणि ती भावाभावांच्या नात्यावर आहे, म्हणून शिकलेल्या माणसाला ‘ती’ म्हटलं की भाऊ आठवतो. आणि ‘ह्वा’चा जुना अर्थ फूल. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हे सगळं होतं की नाही, देव जाणे. शू लाओशींच्या कानाला मात्र ते ऐकू येत होतं.

आडनाव असं चुटकीसरशी ठरलं. पुढच्या नावाने मात्र घाम काढला.

मला वाटलं होतं, सोपं आहे, मृण्मयी म्हणजे मातीची, तेव्हा माती घ्या. माती म्हणजे ‘थू’. शू लाओशींनी चहाची बाटली खाली ठेवली. चिनीत ‘थू’ हे विशेषण म्हणून वापरलं तर अर्थ होतो गावंढळ. एखाद्याच्या शर्टाला ‘थू’ म्हटलं तर तो शर्ट पुन्हा घालत नाहीत. नावात माती घालायचीच तर तिला कारण लागतं, आणि ते कारण पत्रिकेतलं. जन्मवेळेवरून बघतात की पंचतत्त्वांपैकी काय कमी पडलंय. त्यांची तत्त्वं लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. पाणी कमी असेल तर नावात असं अक्षर घालायचं ज्याच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब आहेत. लाकूड कमी असेल तर झाड. आपल्याकडे अश्विनीच्या चरणांची अक्षरं चू, चे, चो, ला म्हणून सुनेने ‘चैत्राली’वर समाधान मानायचं, तसाच हा प्रकार. फक्त तिथे आवाजापेक्षा अक्षराच्या चेहऱ्यात काय दिसतं याला मोल. मी जन्मवेळ सांगितली. माती भरपूर निघाली. विषय मिटला.

मग मी आजीचं नाव सुचवलं. कृष्णा. त्यातला एखादा आवाज घेऊ, आजीची आठवण राहील. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला जाणं यासारखी दुसरी मानाची गोष्ट नाही. शू लाओशींनी कानावर हातच ठेवले. वडीलधाऱ्यांचं नाव मुलाला ठेवायचं म्हणजे त्याला रागावताना आजोबांच्या नावाने ओरडायचं? चीनमध्ये हा पूर्वापार अपराध. घरात बापाच्या नावातलं अक्षर उच्चारायचं नाही, राज्यात बादशहाच्या नावातलं लिहायचं नाही, लिहिलं तर एखादी रेघ कमी काढायची. 1777 साली वांग शीहोऊ नावाच्या विद्वानाने आपल्या शब्दकोशात बादशहांच्या नावांची अक्षरं काटछाट न करता छापली, आणि त्यासाठी त्याचं डोकं गेलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून उखाण्यांची युक्ती काढणाऱ्या आपल्या पणज्यांना यातलं बरंच काही समजलं असतं. आजही माझ्या ऑफिसात साहेबांना कुणी नावाने हाक मारत नाही. वांग साहेब ते ‘वांग झोंग’. वयाने मोठा सहकारी ‘लाओ’ अमुक, लहान तो ‘शिआओ’ तमुक. म्हणजे इतक्या कष्टाने ठेवलेलं नाव रोजच्या वापरात फारसं येतच नाही, आडनावावरच भागतं.

नावावरून वय कळतं, हेही एक लचांड. ‘जिआनगुओ’, राष्ट्र उभारणी, म्हटलं की माणूस 1949च्या आगेमागे जन्मलेला. ‘होंग’, लाल, असेल तर सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांतला असण्याचा संभव फार. आणि ‘झहान’ म्हणून शाळेच्या फाटकात हाक मारली तर अर्धा डझन मुली वळून बघतील. इंटरनेटवर परदेशी लोकांना चिनी नाव सुचवणारी यंत्रं आहेत, ती अशीच गोंडस, ताजी नावं काढून देतात. माझ्या एका फ्रेंच सहकाऱ्याने तसं घेतलं. पन्नाशीचा दाढीवाला गृहस्थ, आणि त्याचं नाव ऐकलं की बालवाडीतलं पोर डोळ्यांसमोर यावं. दुसरी तऱ्हा ड्रॅगन, फिनिक्स, बर्फ आणि चंद्र घेणाऱ्यांची. ती नावं कुंग-फूच्या कादंबऱ्यांत शोभतात. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे उच्चारसाम्य. मघाचं ते ‘तू’ आडनाव घेऊन पुढे दोन चांगली अर्थपूर्ण अक्षरं लावावीत आणि भरभर म्हटल्यावर ऐकणाऱ्याला ‘पोट दुखतंय’ असं ऐकू यावं, हा तिथल्या शाळकरी पोरांचा आवडता विनोद आहे.

म्हणूनच माझं ठाम मत झालंय की परदेशी माणसाने चिनी नाव निवडूच नये. मागून घ्यावं. जिच्या कानात ती भाषा साठ वर्षं मुरली आहे तिच्याकडे हात पसरावा, आपली हौस बाजूला ठेवावी. आपल्याला नाव आवडलं की नाही हा मुद्दा दुय्यम, हाक मारणाऱ्याला ते सहज मारता आलं पाहिजे.

शू लाओशींनी आठवडाभर घेतला. नावासाठी जुनी पुस्तकं चाळायची तिथे पद्धत आहे, मुलींसाठी विशेषतः तो प्राचीन काव्यसंग्रह. त्यांनी मला तू यौयौ यांची गोष्ट सांगितली. मलेरियावरच्या औषधासाठी 2015चं नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञ. त्यांच्या वडिलांनी ‘यौ यौ’ करत ओरडणाऱ्या हरणांच्या कवितेवरून लेकीचं नाव ठेवलं. त्याच कवितेत पुढे ती हरणं ‘हाओ’ नावाची वनस्पती चरतात. आणि तू यौयौंनी औषध काढलं ते छिंगहाओपासून. शू लाओशी हे सांगताना असं बघत होत्या की माझ्याकडूनही आता निदान एखाद्या औषधाची अपेक्षा आहे.

माझं नाव निघालं ‘मिन’. एकच अक्षर. मृण्मयीतल्या ‘मृण्’शी थोडं नातं सांगणारं, चपळ बुद्धीचं या अर्थाचं, माझ्या वयाच्या बाईला शोभणारं. कन्फ्यूशियसचं वचन त्यांनी सोबत जोडून दिलं: सज्जन माणूस बोलायला मंद आणि करायला ‘मिन’ असावा. यातला पहिला भाग मला उद्देशून होता हे त्या दोनदा म्हणाल्या. खऽ मिन. पडद्यावर मावणारं, दोन अक्षरांत संपणारं.

उच्चारावरून अक्षर कळत नाही, कारण एका उच्चाराची डझनभर अक्षरं. म्हणून फोनवर आडनाव फोडून सांगायचं असतं. झांग असेल तर ‘धनुष्य आणि लांब, तो झांग’. ली असेल तर ‘झाड आणि मूल, तो ली’. आपण ‘पोटफोड्या ष’ आणि ‘बाणातला ण’ सांगत मोठे झालो, त्यामुळे मला हे पहिल्या दिवसापासून जमलं. माझं असं: ‘झाड आणि कोका-कोलातला खऽ, तो खऽ. अॅलर्जीतला मिन.’ चिनीत अॅलर्जीला जो शब्द आहे त्यात माझं हे अक्षर येतं. शू लाओशींना हे मुळीच पसंत नाही, त्यांनी चारचौघांत सांगण्यासारखे दुसरे शब्द दिलेत, पण कुरिअरवाल्या पोराला अॅलर्जी पटकन कळते.

बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. मिनचा सांगितला, ते खूश. आडनावाचा? मी शब्दकोशात पाहून ठेवला होता. झाडाची फांदी, आणि जुन्या भाषेत कुऱ्हाडीचा दांडा. पलीकडे क्षणभर काही नाही, आणि मग बाबांचं गडगडाटी हसू. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! कोल्हटकरांच्या पोरीने बरोबर आडनाव घेतलं!’ मी हे शू लाओशींना सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही. त्यांच्या त्या काव्यसंग्रहातही कुऱ्हाडीचा दांडा आहे, पण अगदी उलट्या बाजूने. दांडा तोडायला निघालेल्याला नमुना दूर शोधायला नको, कारण त्याच्या हातातल्या कुऱ्हाडीला दांडा असतोच. त्या कवितेत तो लग्नासाठी मध्यस्थ शोधण्याचा दाखला आहे, आणि त्यावरून सोयरीक जुळवण्यालाच ‘दांडा तोडणं’ म्हणू लागले. एकीकडे गोताचा काळ, दुसरीकडे गोत वाढवणारा. दोन्ही अर्थ मी ठेवून घेतलेत.

सोयरिकीवरून आठवलं. शू लाओशींनी एकदा सहज विचारलं की कोल्हटकर हे नवऱ्याचं का? मी म्हटलं, नाही, बापाचं, आणि आमच्याकडे ते तसंच ठेवायला बऱ्याच बायकांना वाद घालावा लागतो. त्यांना कळेना, वाद कसला? जुन्या चीनमध्येही बाईच्या नावाआधी नवऱ्याचं आडनाव लागायचं, हाँगकाँगच्या मोठ्या वयाच्या बायकांत अजून दिसतं. पण 1950च्या विवाह कायद्याने नवऱ्याला आणि बायकोला आपापलं नाव वापरायचा हक्क लिहून दिला आणि तो तिथे मुरला. मुलाला मात्र बहुतेक घरांत बापाचंच आडनाव, तिथे त्यांचीही गाडी अडलीय, हेही सांगून ठेवते.

आणि मग कोटणीसांच्या बायकोचं नाव माझ्या लक्षात आलं. ग्वो छिंगलान. 1941च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचं लग्न झालं. लग्नाआधी नाव बदललं होतं ते नवऱ्याने. तो सोलापूरचा कोटणीसांचा मुलगा खऽ तीह्वा झाला होता आणि ती ग्वो छिंगलानच राहिली, 2012 साली गेली तोवर. त्यांचा मुलगा 1942च्या ऑगस्टमध्ये झाला. सेनानी न्ये रोंगझेन यांनी त्याचं नाव सुचवलं यिनह्वा, भारत-चीन. त्यानंतर चारच महिन्यांत, 9 डिसेंबरला, कोटणीस गेले, वय 32. यिनह्वाही वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच 1967 मध्ये गेला. श-च्याच्वांगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे, आणि चिनी लोक तिथे येऊन त्यांना खऽ तीह्वा या नावानेच ओळखतात. सोलापूरच्या भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, तिथे ते द्वारकानाथ शांताराम. दोन्ही नावं उभी आहेत. एकाने दुसऱ्याला पुसलेलं नाही.

माझी आजी कृष्णाची सुशीला झाली तेव्हा कृष्णा रेशनकार्डावरून, शाळेच्या दाखल्यावरून, लोकांच्या तोंडून गेली. मला विनीच्या त्या रकान्याचा राग का आला नाही, ते इथे आहे. माझ्या पासपोर्टला कुणी हात लावला नाही. पगार अजूनही मृण्मयी वसंतच्याच खात्यात जमा होतो. खऽ मिन ऑफिसात, भाजीबाजारात, कुरिअरच्या खोक्यांवर असते, आणि पुण्याच्या विमानात बसले की तिला कुणी काही विचारत नाही. असं नाव घ्यायला माझी ना नाही. हवं तर उखाण्यात घेईन.

हल्ली आमच्याकडे नाशिकचा एक वाघ आलाय, क्वालिटीमध्ये. त्याला माझ्याकडून चिनी नाव हवं होतं, आणि त्यात वाघ आणि ड्रॅगन दोन्ही पाहिजेत. मी त्याला सरळ गोदामातल्या वांग शीफूंकडे पाठवलं. शीफू म्हणजे उस्ताद माणूस. त्यांनी ड्रॅगन तिथल्या तिथे उडवला. वाघासाठी म्हणाले, ‘हू’ हे चांगलं आडनाव आहे, वाघ या शब्दाशी उच्चार जुळतो, फक्त सूर वेगळा. लेखी मात्र ते दुसरंच अक्षर, आणि त्या अक्षराचा जुना अर्थ उत्तरेकडून-पश्चिमेकडून आलेले परके लोक. गाजर बाहेरून आलं म्हणून तो ‘हू’ मुळा, आणि मिरी ती ‘हू’ मिरी. वाघ म्हणाला, मिरी तर आपलीच, चालेल. पुढच्या नावासाठी वांग शीफूंनी जन्मवेळ मागितली. त्याने लगेच नाशिकला आईला फोन लावला. आईने कपाटातून पत्रिका काढली, वेळ सांगितली, नक्षत्र सांगितलं, मंगळ नाही हेही न विचारता सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, ‘मुलगी कुठली आहे?’